शोगुनांच्या विधवांचा राजकारभार

जपानात ११९२ पासून १८६८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेसातशे वर्षे, सम्राट क्योतो नगरीत सिंहासनावर असतानाही राज्याची खरी सूत्रे बहुतांशी शोगुन या पदवीच्या सेनाधिपतींकडे किंवा त्यांच्या नावाने कारभार करणाऱ्यांकडे राहिली. मिनामोतो, आशिकागा आणि तोकुगावा या तीन घराण्यांचा हा इतिहास लढाया, वारसाहक्काचे तंटे आणि पुरुषांची नावे यांनी भरलेला आहे. परंतु या तिन्ही घराण्यांवर निकराचे प्रसंग आले तेव्हा निर्णयाच्या जागी एखादी स्त्री, आणि तीही बहुधा विधवा, उभी असलेली दिसते. आणि तिचे कर्तृत्व नाकारता येत नाही तेथे इतिहासकार ते तिच्या स्वभावाच्या खाती जमा करून मोकळे होतात. कोणी मत्सरी होती, कोणी द्रव्यलोभी होती, कोणी पतिनिष्ठ होती, असे सांगितले जाते. माझ्या मते या स्त्रियांच्या सत्तेचे मूळ स्वभावात नसून घराच्या कायद्यात आहे, आणि तो कायदा प्रथम ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्यापैकी एकीलाही न्याय देता येणार नाही.

बाराव्या शतकातील पूर्व जपानच्या लढवय्या घराण्यांत मुलीला पित्याच्या जमिनीत वाटा मिळत असे आणि लग्नानंतरही तो तिच्याच नावावर राहत असे. जहागिरीच्या बंदोबस्ताचे आणि वसुलीचे जे वंशपरंपरेचे अधिकारपद असे, ज्याला तेथे जितो म्हणत, तेही स्त्रिया धारण करीत. पती निवर्तला म्हणजे त्याची विधवा केस कापून भिक्षुणीचे वस्त्र घेई. मात्र या ठिकाणी भिक्षुणीचे वस्त्र म्हटल्याबरोबर मराठी वाचकाच्या मनात जे चित्र उभे राहते ते त्याने बाजूस ठेवले पाहिजे. त्या वस्त्राचा अर्थ संसारातून निवृत्ती असा नसून ही स्त्री पुनर्विवाह करणार नाही, मृत पतीच्या घराशी बांधलेली राहील, असा होता. आणि त्या बांधिलकीच्या बदल्यात पतीच्या मिळकतीची व्यवस्था, मुलांमधील वाटणी आणि अवज्ञा करणाऱ्या मुलाला बाजूस सारण्याचा अधिकार या गोष्टी तिच्या हाती येत. १२३२ मध्ये कामाकुरा येथील शोगुन सरकारने एक्कावन्न कलमांची जी संहिता तयार केली तिच्यात पुनर्विवाह करणाऱ्या विधवेने पतीकडून मिळालेली जमीन त्याच्या मुलांना सोडून द्यावी असे कलम आहे, आणि निपुत्रिक स्त्रीने दत्तक घेऊन त्याला आपली जमीन द्यावी याला पहिला शोगुन मिनामोतो योरितोमो याच्या काळापासूनची वहिवाट म्हणून मान्यता दिलेली आहे. गृहस्वामिनीचा हाच अधिकार शोगुनच्या घरात गेला म्हणजे त्याला राज्याचे परिमाण प्राप्त होई, एवढेच.

होजो मासाको (११५७–१२२५) ही या परंपरेची पहिली आणि सर्वांत थोर प्रतिनिधी. ११६० मध्ये पराभूत मिनामोतो घराण्यातील तेरा वर्षांचा योरितोमो याला इझू द्वीपकल्पात हद्दपार करण्यात आले, आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या स्थानिक सरदारांत मासाकोचा पिता होजो तोकिमासा होता. कैद्याशी लग्न म्हणजे सत्ताधारी ताइरा घराण्याचे वैर, हे जाणून पित्याने विरोध केला असताही मासाको योरितोमोकडे गेली, आणि पुढे ११८० मध्ये योरितोमोने बंडाचे निशाण उभारले तेव्हा तेच होजो घराणे त्याच्या पाठीशी राहिले. ११८२ मध्ये योरितोमोने कामे नावाची एक स्त्री एका सरदाराच्या घरी ठेवली आहे असे कळताच मासाकोने ते घर पाडून टाकविले. या प्रसंगावरून तिच्या मत्सरी स्वभावाची कथा आठशे वर्षे सांगितली जात आहे. परंतु ११८६ मध्ये योरितोमोचा फरारी भाऊ योशित्सुने याची प्रेयसी, नर्तकी शिझुका, कैदेत आणली गेली, त्सुरुगाओका हाचिमान देवस्थानापुढे नाचण्याचा हुकूम झाल्यावर तिने उघडपणे आपल्या प्रियकराच्या विरहाचे गीत गायिले, आणि योरितोमो संतापला, तेव्हा तिची बाजू घेणारी मासाकोच होती. आपणही हद्दपार पुरुषाच्या मागे रात्रीच्या पावसातून गेलो होतो, याची आठवण तिने पतीला करून दिली असे इतिवृत्त सांगते. दोन्ही प्रसंगांत एकच स्त्री आहे: आपल्या घराच्या प्रतिष्ठेसाठी कठोर, आणि दुसरीच्या निष्ठेचे मोल जाणणारी.

११९९ मध्ये योरितोमो मरण पावला आणि सतरा वर्षांचा थोरला मुलगा योरिइए त्याच्या जागी आला. मासाको भिक्षुणी झाली ती याच वेळी, आणि खरा कारभार तिने सुरू केला तोही याच वेळी. त्याच वर्षी योरिइएने आदाची कागेमोरी या सरदाराची उपस्त्री बळजबरीने पळविली, आणि कागेमोरीच्या मनात वैर आहे असा संशय घेऊन त्याच्यावर फौज पाठविण्याची तयारी चालविली. मासाको तडक आदाचींच्या वाड्यात जाऊन बसली आणि तिने मुलाला निरोप धाडला की, बाण सोडावयाचेच असतील तर पहिला मला लागेल. फौज परतली. त्यानंतर तिने कागेमोरीकडून निष्ठेचा लेखी करार घेऊन तो मुलाकडे पाठविला आणि त्याबरोबर खरमरीत शब्दांत उपदेशही केला. या एका कृतीत विधवेच्या अधिकाराचे सारे स्वरूप दिसते. ज्या सरदारांच्या बळावर नवऱ्याने राज्य मिळविले त्यांचा मान राखणे हे मुलाच्या मर्जीपेक्षा वरचे कर्तव्य आहे, असे तिने मानले, आणि सरदारांनीही तिचा हा अधिकार मान्य केला.

पुढील काही वर्षांची हकीकत रक्तरंजित आहे आणि ती मी थोडक्यात सांगतो. १२०३ मध्ये योरिइए आजारी पडला असता त्याच्या सासुरवाडीचे हिकी घराणे आणि त्याचा लहान मुलगा यांचा नाश झाला. योरिइएला शुझेनजी येथे कोंडण्यात आले आणि पुढील वर्षी तेथेच त्याचा खून झाला. हिकींचे कारस्थान मासाकोने पडद्याआडून ऐकले असे *आझुमा कागामी* हे इतिवृत्त म्हणते, परंतु ते इतिवृत्त होजो घराण्याच्या छायेत रचले गेले, आणि समकालीन जिएन या धर्माचार्याच्या *गुकान्शो* या ग्रंथात हीच हकीकत वेगळी येते. तेव्हा या प्रकरणात मासाकोच्या वाट्याचा दोष किंवा निर्दोषपणा कोणी छातीठोकपणे सांगू नये. १२०५ मध्ये मात्र संशयाला जागा नाही. त्या वर्षी खुद्द तिच्या पित्याने, आपल्या दुसऱ्या बायकोच्या सल्ल्याने, मासाकोचा धाकटा मुलगा, तिसरा शोगुन सानेतोमो, याला दूर करून आपल्या जावयाला गादीवर बसविण्याचा घाट घातला. मासाकोने सानेतोमोला आपला भाऊ योशितोकी याच्या घरी सुरक्षित हलविले आणि बापाला इझूला परत पाठविले. माहेर आणि सासर यांच्यात निवड करण्याची वेळ आली तेव्हा तिने काय निवडले, हे तिच्या टीकाकारांनी लक्षात घेतलेले दिसत नाही.

सानेतोमो निपुत्रिक होता. १२१८ मध्ये मासाको कुमानो यात्रेच्या निमित्ताने क्योतोला गेली आणि निवृत्त सम्राट गो-तोबा याच्या दरबारातील अत्यंत वजनदार स्त्री फुजिवारा नो कानेको हिच्याशी तिने बोलणी केली. पुत्र न झाल्यास एखाद्या राजपुत्राला शोगुन म्हणून कामाकुराला आणावे, अशी मसलत या दोघींमध्ये झाली. जपानचे कार्य शेवटी स्त्रियांच्या हातून पुरे होते, अशा आशयाचे जिएनचे उद्गार या दोघींनाच उद्देशून आहेत. या भेटीत मासाकोला दरबारची तिसरी श्रेणी देण्यात आली, आणि त्याच वर्षी दुसरी. गो-तोबाने भेटीस बोलाविले असता तिने, खेड्यातील म्हाताऱ्या भिक्षुणीने सम्राटापुढे येऊन काय साधणार, असे सांगून नम्रपणे नकार दिला आणि ती कामाकुराला परतली. दरबाराकडून जे हवे ते घ्यावे, पण दरबाराच्या पायरीवर उभे राहू नये, ही योरितोमोची नीती तिने येथे जशीच्या तशी चालविली आहे.

१२१९ च्या आरंभी हाचिमान देवस्थानाच्या पायऱ्यांपाशी, हिमवर्षावाच्या रात्री, सानेतोमोचा त्याच्याच पुतण्याने, योरिइएचा मुलगा कुग्यो याने, खून केला. या कुग्योला दोन वर्षांपूर्वी देवस्थानाचा मुख्य अधिकारी मासाकोनेच नेमले होते. पती, दोन मुलगे, दोन मुली आणि नातू, असे सारे तिच्या डोळ्यांदेखत गेले. गो-तोबाने आता राजपुत्र देण्याचे नाकारले. उलट आपल्या आवडत्या नर्तकीला दिलेल्या दोन जहागिरींवरील जितो काढून टाकावेत अशी मागणी केली. कामाकुराने ती मान्य केली नाही, आणि राजपुत्राऐवजी दरबारी कुजो घराण्यातील दोन वर्षांच्या बालकाला आणले. हे बालक १२२६ मध्ये शोगुन झाले. मधल्या काळात कामाकुराच्या सनदा व निवाडे मासाकोच्या आज्ञेने निघत होते, आणि *आझुमा कागामी* तिला कामाकुराच्या अधिपतींमध्येच गणते. लोकांनी तिला भिक्षुणी-शोगुन म्हटले ते यामुळे.

१२२१ च्या पाचव्या चांद्र महिन्यात गो-तोबाने कामाकुराचा मुख्य कारभारी योशितोकी याचा नाश करावा असा हुकूम देशभर काढला. या हुकुमात एक मोठी चतुराई होती: तो कामाकुराच्या राजवटीविरुद्ध नव्हता, केवळ एका कारभाऱ्याविरुद्ध होता, आणि सरदारांनी तो एकटा कारभारी सोडून दिला असता तर सर्वांची सुटका होणार होती. बातमी कामाकुराला पोहोचली त्याच दिवशी मासाकोने सरदारांना एकत्र केले, आणि *आझुमा कागामी*प्रमाणे तिचे शब्द त्यांना वाचून दाखविणारा पुरुष होता आदाची कागेमोरी, ज्याच्या वाड्यात बावीस वर्षांपूर्वी ती मुलाच्या बाणांपुढे बसली होती. तिने योशितोकीचे समर्थन केले नाही. योरितोमोपूर्वी सरदारांची काय स्थिती होती, पदे आणि उत्पन्ने त्यांना कोणी दिली, आणि आता दरबारातील चुगलखोरांच्या सल्ल्याने तीन शोगुनांच्या वारशावर कसा घाला येत आहे, एवढेच तिने सांगितले, आणि ज्याला क्योतोकडे जावयाचे असेल त्याने आत्ताच सांगावे अशी मुभा दिली. एका भावाच्या बचावाचा प्रश्न तिने मृत पतीच्या ऋणाचा प्रश्न करून टाकला. आणि हे शब्द उच्चारण्याचा अधिकार त्या दिवशी साऱ्या पूर्व जपानात फक्त योरितोमोच्या विधवेला होता. योशितोकीने स्वतः ते उच्चारले असते तर ते एका आरोपीचे भाषण झाले असते. त्यानंतर घाटमार्गावर थांबून बचाव करावा की क्योतोवर चालून जावे यावर मतभेद झाला, तेव्हा जुना सल्लागार ओए नो हिरोमोतो याचा चढाईचा सल्ला मान्य करून अखेरचा निर्णय तिनेच दिला. योशितोकीचा मुलगा, तिचा भाचा यासुतोकी, प्रथम अठरा स्वारांनिशी निघाला, वाटेत फौज वाढत गेली, आणि महिन्याच्या आत क्योतो पडले. गो-तोबा ओकी बेटावर हद्दपार झाला, आणि दरबारपक्षाच्या सुमारे तीन हजार जहागिरी जप्त झाल्या.

त्याच प्रसंगात दुसऱ्या एका विधवेचीही आठवण ठेवली पाहिजे. सानेतोमोची पत्नी क्योतोच्या बोमोन घराण्यातील होती. पतीच्या खुनानंतर ती भिक्षुणी होऊन क्योतोला परतली. तिला पुत्र नव्हता, पूर्वेत माहेरची माणसे नव्हती, म्हणून राजकारणात तिला स्थान उरले नाही. तरीपण तिचा भाऊ गो-तोबाच्या बाजूने लढून पकडला गेला तेव्हा शोगुनच्या विधवेच्या रदबदलीने त्याचा प्राण वाचला. १२२४ मध्ये योशितोकी मरण पावला, आणि त्याच्या विधवेने, इगा घराण्यातील स्त्रीने, आपल्या मुलाला मुख्य कारभारी करण्यासाठी हालचाली सुरू केल्या. विधवेचा तोच हक्क तीही बजावीत होती. सदुसष्ट वर्षांची मासाको एका दासीला बरोबर घेऊन रात्री मिउरा योशिमुरा या बलाढ्य सरदाराच्या घरी गेली, कटाला त्याचा पाठिंबा आहे की नाही हे तिने त्याला तोंडावर विचारले, आणि यासुतोकीचा मार्ग मोकळा केला. पुढील वर्षी ती वारली. एक्कावन्न कलमांची संहिता करविणारा यासुतोकी तो हाच.

हा हक्क पुढे ओसरत गेला. १२७४ आणि १२८१ च्या मंगोल स्वाऱ्यांनंतर लढवय्या घराण्यांना जमिनीची वाटणी परवडेनाशी झाली. मुलीचा वाटा केवळ तिच्या हयातीपुरता राहून मग मूळ घराकडे परत जाऊ लागला, आणि हळूहळू सारी मिळकत एकाच मुलाकडे जाण्याची रीत पडली. जमीन गेली तेव्हा स्त्रीच्या सत्तेला दुसरा आधार शोधावा लागला, आणि पंधराव्या शतकात तो आधार रोकड पैसा झाला.

हिनो तोमिको (१४४०–१४९६) हिच्याविषयी मराठी वाचकाला काही ऐकून माहीत असेल तर ते बहुधा वाईटच असेल. आशिकागा घराण्याचा आठवा शोगुन योशिमासा याची ती पत्नी. पतीने आधी आपला भाऊ योशिमी याला वारस नेमले, १४६५ मध्ये तिला मुलगा योशिहिसा झाला, आणि १४६७ मध्ये क्योतोची राख करणारे ओनिन युद्ध पेटले. मुलासाठी तिनेच हे युद्ध पेटविले, ही समजूत *ओनिन्की* या युद्धकथेने रूढ केली. वस्तुतः युद्धाची पहिली ठिणगी हाताकेयामा घराण्यातील दोन भाऊबंदांच्या लढाईत पडली, आणि ती भडकली होसोकावा व यामाना या दोन बलाढ्य सरदारांच्या स्पर्धेमुळे. योशिमासा उद्याने आणि कलावस्तू यांत रमत गेला. १४७३ मध्ये आठ वर्षांचा योशिहिसा शोगुन झाला आणि १४७६ मध्ये तोमिकोचा भाऊ, कारभारी कात्सुमित्सु, वारला, तेव्हा राज्याचा खर्च चालविणारे दुसरे कोणी उरले नाही. तिने जकातीचे उत्पन्न गोळा केले, सरदारांना व्याजाने पैसे दिले, शत्रुपक्षाच्या एका हाताकेयामा सरदारालाही एक हजार कान (तत्कालीन नाणेमाप) कर्ज दिले. नारा येथील मठाधिपती जिन्सोन याने आपल्या रोजनिशीत तिच्या द्रव्यसंचयावर कठोर टीका केली आहे, आणि क्योतोच्या सात वेशींवरील जकातनाके १४८० च्या उठावात लोकांनी मोडले ही गोष्टही खरी आहे; गरीब वाटसरूकडून घेतलेल्या त्या जकातीचे समर्थन मी करणार नाही. परंतु १४७७ मध्ये पश्चिमेकडील, म्हणजे यामाना पक्षाची, सैन्ये क्योतो सोडून गेली त्यामागे तिचा पैसा आणि तिच्या वाटाघाटी होत्या, आणि युद्धामुळे शोगुनच्या वाड्यात आश्रयाला आलेल्या सम्राटाच्या दरबाराचा खर्चही त्याच तिजोरीतून निघत होता. त्या युगातील सर्वश्रेष्ठ पंडित इचिजो कानेयोशी याने या मायलेकरांसाठी लिहिलेल्या राजनीतिपर ग्रंथांत पडद्याआडून स्त्रीने कारभार पाहण्याला मान्यता दिली, आणि त्यासाठी मासाकोचे उदाहरण दिले. आश्रयदात्रीची स्तुती म्हणून हे कोणी सोडून देईल. तरी अडीचशे वर्षांनंतरही शोगुनच्या पत्नीला पूर्वज म्हणून दाखवावयास एक नाव होते, ही गोष्ट राहतेच.

योशिहिसा १४८९ मध्ये मोहिमेवर असताना वारला, योशिमासा पुढील वर्षी. आता तोमिको खऱ्या अर्थाने विधवा झाली. वारस ठरविण्याच्या कामी सर्वजण तिच्याकडे वळले. प्रथम तिने योशिमीच्या मुलाला मान्यता दिली. परंतु तिने आपला ओगावा येथील वाडा दुसऱ्या एका पुतण्याला दिल्याचा राग येऊन योशिमीने तो वाडा पाडून टाकला, आणि १४९३ मध्ये होसोकावा मासामोतोने शोगुन क्योतोबाहेर मोहिमेवर असताना त्याला पदच्युत केले तेव्हा तोमिकोने त्या कृत्याला संमती दिली. मासाकोच्या शब्दावर सैन्य चालून गेले होते. तोमिकोच्या शब्दामुळे दुसऱ्याच्या सैन्याला केवळ वैधता मिळाली. दोघींमधील फरक माझ्या मते एवढाच आहे, आणि तो योग्यतेचा नसून काळाचा आहे.

तोकुगावा राजवटीत शोगुनच्या स्त्रिया एदो किल्ल्याच्या अंतःपुरात बंद झाल्या. १६१८ मध्ये त्याचे नियम ठरविले गेले. अंतःपुराच्या कारस्थानांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात मी शिरत नाही. तेथेही विधवेचा जुना अधिकार एका गोष्टीत टिकून होता: मृत पतीची इच्छा काय होती हे सांगण्याचा मान तिचा असे. १७१६ मध्ये बालशोगुन इएत्सुगु मरणासन्न असताना, त्याच्या पित्याची विधवा तेन्एइ-इन हिने, आपल्या पतीची हीच इच्छा होती असे सांगून की प्रांताच्या योशिमुने याला राज्य स्वीकारण्यास भाग पाडले. आठवा तोकुगावा शोगुन झालेल्या या योशिमुनेच्या सुधारणा ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी या एका वाक्याचे महत्त्व ओळखावे.

१८६८ मध्ये सम्राटाची सैन्ये एदोवर चालून आली तेव्हा त्या किल्ल्यात दोन विधवा राहत होत्या. तेन्शोइन ही तेराव्या शोगुनची विधवा सात्सुमाच्या शिमाझु घराण्यातील होती, आणि चालून येणाऱ्या फौजेत सात्सुमाचेच बळ प्रमुख होते. काझुनोमिया ही चौदाव्या शोगुनची विधवा मागील सम्राटाची बहीण होती. दरबार आणि शोगुन यांचा समेट व्हावा म्हणून १८६२ मध्ये तिचा विवाह करण्यात आला होता, आणि आता स्वारीचा सेनापती होता तो तिचा पूर्वीचा वाग्दत्त वर, राजपुत्र अरिसुगावा. चालीरीतींवरून या सासूसुनेत पूर्वी बरीच तेढ होती. आता तेन्शोइनने सात्सुमाच्या सेनापतीला पत्र लिहिले, काझुनोमियाने आपल्या परिचारिकेकरवी दरबारपक्षाला, आणि घराणे बुडणार असेल तर आपणही जगणार नाही असे कळविले. दोघींनीही माहेरापुढे सासरचा कैवार घेतला. किल्ला रक्तपाताशिवाय स्वाधीन झाला, त्याचे श्रेय सम्राटपक्षाचा साइगो आणि शोगुनपक्षाचा कात्सु या दोन मुत्सद्द्यांना योग्य रीतीने दिले जाते. परंतु तोकुगावा हे नाव जगविण्यासाठी या दोन विधवांनी केलेली खटपट त्या श्रेयात मिळविली पाहिजे. घराण्याचे प्रमुखपद इएसातो या लहान मुलाकडे आले आणि सात लक्ष कोकुंची जहागीर त्याला मिळाली. काझुनोमिया १८७७ मध्ये वारली आणि तिच्या इच्छेप्रमाणे तिला झोजोजी येथे पतीशेजारी पुरण्यात आले. तेन्शोइनने सात्सुमाला परत न जाता इएसातोचे संगोपन केले आणि १८८३ मध्ये देह ठेवला. तो मुलगा पुढे जपानच्या उमराव सभागृहाचा १९०३ पासून १९३३ पर्यंत अध्यक्ष होता.